पाहुण्यांच्या सीटखालचा वास

अरे, मी चाकणला गाड्यांचे रेग्युलेटर बनवतो, तर नातेवाइकांना अजून वाटतं की पंख्याचे! पण परवा त्याच रेग्युलेटरनं माझ्या मामेबहिणीचं लग्न वाचवलं राव.

मामांच्या जुन्या व्हॅनमधून कार्यालय बघायला निघालो होतो. पुढं मामा आणि मुलीचे होणारे सासरे, मागं मी. भोसरी सोडली आणि गाडीत सडक्या अंड्यांचा वास सुटला. मामांनी काच खाली केली.

"पाव्हणं, सकाळी काय खाल्लं व्हतं?"

पाहुणे लालबुंद. "आईशप्पथ, मी न्हाई! गाडी थांबवा, मी उतरतो!"

मामा माझ्याकडं बघायला लागले. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, मामांनी गाडी पळवली की वास वाढतोय.

"मामा, बॅटरी उकळतीये! इंजिन कितीही पळालं तरी बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला चौदा-साडेचौदा व्होल्टच्या वर जाऊ द्यायचं नाही, हे रेग्युलेटरचं काम. तुमचा गेलाय. बॅटरी नको तेवढी चार्ज होऊन वास मारतीये, आणि ती आहे पाहुण्यांच्या सीटखाली!"

मामांनी हात जोडून माफी मागितली. चाकणच्या गॅरेजात नवा रेग्युलेटर बसवला. जुना मी टाकून देणार, तेवढ्यात पाहुण्यांनी मला बाजूला घेतलं.

"भाचेबुवा, त्यो मला द्या."

"अहो, जळालाय तो. काय करणार त्याचं?"

"खिशात ठिवतो. पुढच्या येळी खरंच मी असलो, तर दाखवायला बरा."