गौरीचं वय बासष्ट

…पाटावर नको, पोत्यावर ठेव. पाटावरचा रंग ओला आहे. आणि तो फोन आधी खिशात घाल. दाखवू नकोस, तोंडानं सांग. सांगितलंस? परत सांग. गौरीचं तोंड वाकडं. बरं. सत्तेचाळीस वर्षं मी या केशवापुरात गौरीचे मुखवटे करतोय. तुझ्या आजीनं माझ्याकडनं नेले. तुझ्या आईनं दर दोन वर्षांनी ते रंगवून नेले. आणि आज कोप्पीकर रोडवरच्या वसंतशेठचा मुलगा, अजून हळद उतरली नाही अंगावरची, मला येऊन सांगतोय — कूडरी, कूडरी, बस म्हणतो. उभ्या माणसाशी मी बोलत नाही. मान दुखते.

कोण म्हणालं वाकडं? तू? तुला काय कळतंय. साडीचा काठ तिरका फाडतोस म्हणून तुझा अप्पा इथं बसून कपाळ बडवत होता. पल्लवी म्हणाली. बरं, बायको म्हणाली. तीही नाही? मग कोण? फोन. फोन म्हणाला. मला नीट कळू दे. तुझी बायको त्या चेहऱ्याच्या दवाखान्यात कामाला आहे, तिच्या फोनमध्ये तोंडं मोजायचं काहीतरी आहे, बायका येतात, तोंड पुढं करतात, तो मार्क देतो, मग जिथं मार्क कमी तिथं डॉक्टर सुई मारतो. इथपर्यंत समजलं. आणि ते यंत्र तिनं घरी आणून गौरीच्या तोंडाला लावलं. उद्या जिचं आवाहन, परवा जिला सोळा भाज्यांचा नैवेद्य, तिची परीक्षा घेतली. किती पडले? शंभरात एकाहत्तर. पास झाली म्हणायची देवी. मी तिसरीत नापास झालो होतो. आणि — काय? वय पण सांगतो? गौरीचं वय? किती सांगितलं?

बासष्ट.

हं.

फोन चुकला. थांब, चुकला म्हणजे का चुकला ते सांगतो, तू घरी जाऊन सांग. इकडं बघ. हनुवटी वर कर. केस उगवतात तिथनं भुवईपर्यंत एक भाग, भुवईपासून नाकाच्या टोकापर्यंत दुसरा, नाकाखालनं हनुवटीपर्यंत तिसरा. देवीच्या तोंडात हे तीन वाटे सारखे. आणि रुंदीत पाच डोळे मावले पाहिजेत, दोन डोळ्यांच्या मध्ये एक डोळा. हे मला दत्तात्रेयअप्पानं शिकवलं, माझ्या गुरूनं, त्यालाही लिहिता येत नव्हतं. पहिली तीन वर्षं सूत लावून मोजायला लावलं. गाठी मारलेलं सूत, ते बघ खुंटीला आहे. तिसऱ्या वर्षी मी ते खुंटीला लावलं ते लावलं. सूत शिकाऊ माणसाला. मी डोळ्यानं करतो. साचा नाही, सूत नाही. साच्यातले मुखवटे पाहिजेत तर गोकुळ रोडला जा, तिथं प्लॅस्टरच्या गौरी इडलीसारख्या काढतात, एका घाण्यात बारा. सगळ्या सारख्या. त्यांना शंभरात शंभर पडतील बघ.

आता माणसाचं तोंड. माणसाचं तोंड म्हणजे शेत. तरुणपणी तिन्ही भावांचे वाटे सारखे असतात. तिशी ओलांडली की भाऊबंदकी सुरू. आधी कपाळ बांध सरकवतं, केस मागं मागं. तुझंही सरकायला लागलंय, टोपी घालत जा. मग नाक. नाक मरेपर्यंत थांबत नाही, कान पण नाहीत, बाकी सगळं आटतं आणि हे दोघे वाढतात. आणि खालचा वाटा — दात गेले की त्याची जमीन गेली. तुझ्या अप्पाच्या दाढा काढल्या तेव्हा मी बघत होतो, सहा महिन्यांत नाक आणि हनुवटी एकमेकांना भेटायला निघाली. नंतर कवळी बसवली, ती दुसऱ्याच कुणाची तरी असल्यासारखी, तेव्हापासून वसंतशेठ रागावला तरी हसतोय असं वाटतं. गिऱ्हाइकी वाढली म्हणे. हसतोस काय? तुझीही वेळ येणार आहे.

आणि हे कुणालाच मान्य नाही, ही खरी गंमत. चौकात तो वाढदिवसाचा फ्लेक्स बघितलास का? वर माणूस पस्तिशीचा, गालावर गुलाबी रंग, हनुवटी एक. खाली तोच माणूस हार घालून घ्यायला उभा, हनुवट्या तीन. लोक वरच्याला बघून खालच्याला नमस्कार करत होते. माझा जावई गोविंद, त्यानं आपल्या आईच्या तेराव्याला फोटो लावला तो तिच्या लग्नातला. म्हातारी एक्याऐंशीची गेली आणि भिंतीवर अठरा वर्षांची पोरगी. तिच्या मैत्रिणी आल्या, त्यांनी विचारलं, ही कोण गेली? तुझ्या बायकोच्या दवाखान्यात तेच, फक्त माणूस जिवंत असताना. तोंडावर पेनानं रेघा मारतात म्हणे. मारू देत. मी काय म्हणतो, माणसाला देवीचं माप लावता ते लावा, पण देवीला माणसाचं वय कशाला लावता? देवीला वय नसतं. फोनला ते माहीत नाही, कारण फोन बनवणाऱ्याच्या घरी गौरी बसत नसतील.

बरं, दे इकडं. बघू.

कुठं वाकडं? डावीकडं. ओठाचं टोक खाली आलंय म्हणे. उजेड बघ कुठनं येतोय, दारातनं, सावली पडते. इकडं फिरवली की — हं, आता बघ. सरळ. सरळच आहे. मला तर सरळ दिसते. तू डोळे बारीक कर. पापणी? डावी पापणी उतरलेली? ती शांत आहे म्हणून. गौरी काय डोळे वटारून बघणार का? बावीस जोड गेलेत यंदा, बावीस, हुबळीत आणि धारवाडात मिळून, कित्तूरकरांकडं गेला, अंबूताईंकडं गेला, त्या अंबूताई म्हणजे तांदळात खडा नसला तरी काढतील, एक शब्द बोलल्या नाहीत. आणि हे बघ, नथ घातली की काही दिसत नाही. नथ डावीकडंच असते ना? मोती थेट ओठावर येतो. झाकलं. माणसं गौरीची साडी बघतात, नथ बघतात, फराळाची ताटं मोजतात. तोंडाकडं बघतं कोण? तुझ्या बायकोशिवाय. तिचं काय चुकलं म्हणा. तिचा पहिला सण, तिनं नीट बघितलं.

ती दुसरी कसली पिशवी? जुनी आणलीस? आजीची? दाखव की मग आधी. अरे. उंदरानं नाक खाल्लं हिचं. तरी बघ. गाल बघ. ही मी केली तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. हिला पण फोन लावलास? लावला असणार. काय म्हणाला?

चोवीस.

एकोणीस होती. म्हणजे — मी वर्ष सांगतोय, कुठल्या साली केली ते. नाही, साल नाही… तुला काय करायचंय. लग्न त्या वर्षी झालं माझं. बायको इथंच समोर बसायची, कागदाचा लगदा तीच मळते ना, तेव्हापासून. मी इथं, ती तिथं उंबऱ्यापाशी. तिची बहीण तानूबाई आली, गौरी बघितल्या आणि म्हणाली, भावजी, ही आमची गोदीच की. मी सांगितलं, तोंड सांभाळून बोला, मी कुणाचं तोंड बघून करत नाही. देवीचं तोंड डोक्यात असतं. आजही तेच सांगतो. बायकोचं तोंड बघून देवी करायला मी काय वेडा आहे का? समोर बसते म्हणून दिसते, एवढंच. मान वर केली की दिसते. दिवसातनं शंभर वेळा मान वर होते माणसाची.

बाहेर कट्ट्यावर बसलीय ना, ती. येताना तू बघितलीस. पदर असा धरून. बोलली नसेल. हल्ली आल्यागेल्याशी बोलत नाही. गेल्या गौरी झाल्या आणि तिच्या तोंडावरनं वारं गेलं. सकाळी उठून चूळ भरली, पाणी एका बाजूनं गळालं. मला वाटलं दाढ दुखते. डॉक्टर म्हणाला, डाव्या बाजूची शीर आहे, येईल हळूहळू, वयामुळं वेळ लागेल. गोळ्या दिल्या, गाल चोळायला सांगितलं. चोळते. आणि आलंय की. बरंच आलंय. रोज सकाळी मला विचारते, सरळ झालं का हो? मी बघतो. नीट बघतो, काम असल्यासारखं बघतो. आणि सांगतो, झालं. पहिले दोन-तीन महिने तिचं समाधान म्हणून सांगायचो. आता खरंच झालंय. मला दिसतंय ना. माझा डोळा काय खोटं बोलेल का? माझ्या डोळ्यावर सत्तेचाळीस वर्षं घर चाललंय. आरसा? आरसा मीच काढला. खिळा ढिला झाला होता. माळ्यावर ठेवलाय. लावीन.

तू असा का बघतोस?

बरं. ठीक आहे. सूत काढतो. तुझ्यासाठी नाही, तुझ्या त्या फोनसाठी. बघ, धूळ बसलीय गाठींवर. ही जुनी धर. डोळ्याच्या कोपऱ्यापासून ओठाच्या टोकापर्यंत, उजवीकडं — गाठीवर. डावीकडं — गाठीवर. बरोबर? सव्वीस वर्षांचा होतो. आता ही नवी. उजवीकडं गाठीवर. डावीकडं —

सूत आटलं असेल. पावसाळ्यात आटतं.

नाही, पावसाळ्यात आटलं तर दोन्हीकडं आटेल. बोटभर नाही, पण अर्धं बोट आहे. हिला हात लागला असेल वाळताना. फळीवर तीन जोड आहेत अजून, ते काढ. काढ म्हणतो, पडत नाहीत. ही. डावीकडं खाली. ही. खाली. ही दे… ही पण. ज्येष्ठा पण आणि कनिष्ठा पण. सहाच्या सहा. एकीची चूक असती तर हात लागला म्हणालो असतो.

म्हणजे बावीस घरांत.

तुझ्या बायकोला दिसलं. फोनला दिसलं. तुला दिसलं, तू दारातनं आत येताना कट्ट्यावरच्या तिच्याकडं बघितलंस आणि मग हातातल्या पिशवीकडं बघितलंस, मी बघितलं ते. मला तेव्हा कळलं नाही. अंबूताईंना दिसलं असणार. त्या मागच्या आठवड्यात इथं आल्या होत्या, कट्ट्यावर हिच्याजवळ बसल्या, हिचा हात हातात घेतला, आणि जोड उचलून काही न बोलता गेल्या. अंबूताई, काही न बोलता. मला वाटलं पसंत पडली.

हळू बोल. तू बोललाच नाहीस म्हणा. मीच बोलतोय.

जुनी पिशवीत घाल, नाक घट्ट धर, नाही तर उरलंसुरलं पडेल. नाही, थांब. जुनी इथं ठेव. नवी पण ठेव. उद्या दुपारच्या आत ये, आवाहन संध्याकाळी आहे ना, तोवर होतं. खडू आणि डिंक लावून ओठाचं टोक वर घेतो, पापणी खरवडतो, रंग पातळ देतो म्हणजे वाळेल. पल्लवीला सांग, देवीचं तोंड सरळ होऊन येईल. आणि सांग की — काही नको सांगू. हे सांग, की सूत लावून करतोय. डोळ्यानं नाही. आणि इथं बसून नाही करत, परसात बसतो, भिंतीकडं तोंड करून. माझ्या बायकोनं विचारलं तर म्हणेन तिथं उजेड बरा आहे.

साकु. पुरे आता, ऊठ. दुकानात तुझा अप्पा वाट बघत असेल, तिरका काठ फाडायला माणूस पाहिजे त्याला. ही फळीवरची सगळी उलटी करून ठेव जाताना, भिंतीकडं. हो, सहाही. आणि कट्ट्यावरनं जाताना तिला नमस्कार कर, पण मान खाली घालून कर. ती विचारील, गौरी कशी झाली. छान म्हण. हसू नकोस पण. तू हसलास की ती हसेल, आणि मग तू गेल्यावर मला विचारील, मी नीट हसले का.

जा.