पिंगळ्याचं तोंड आणि माझं मौन

...आणि बरोबर त्याच सोमवारी त्यानं तोंड उघडायचं बंद करावं का, तुम्हीच सांगा. त्यानं म्हणजे पिंगळ्यानं हो, घुबडाच्या जातीतला, मुठीएवढा. भूकंपात आमच्या माडीच्या भिंतीला भेग गेली, ती आमच्या ह्यांनी आज भरतो, उद्या भरतो म्हणत तशीच ठेवली, आणि पिंगळ्यांनी तिथं संसार मांडला. त्यातलं एक पिल्लू शनिवारी तुळशीपाशी पडलं. लक्ष्मीचं वाहन दारात आलेलं, उपाशी ठेवू? पूजेचं पंचामृत होतं, थेंब थेंब पाजलं. सोमवारी बघते तर चोच घट्ट, काही गिळेना, आणि वास तर असा... मनातच म्हणलं, तोंड उघड रे बाबा.

मनातच, कारण माझं मौन. सोळा सोमवार दिवसभर बोलायचं नाही, आमच्या यज्ञेशचा मेडिकलला नंबर लागावा म्हणून. आणि हा सोळावा.

शेजारच्या साखराबाई कुंपणावरून, "टाका बाई ते बाहेर, भूकंपाच्या आदल्या राती असलंच वरडत होतं." अहो, वरडायला तोंड तर उघडाय पाहिजे त्यानं. पण मी बोलू कशी?

यज्ञेशनं बोटानं हळूच चोच उघडली. जिभेवर, टाळ्याला पिवळी साय धरलेली. "आई, चार पर्याय. जिवाणू, बुरशी, कबुतरांचा परजीवी, नाहीतर यांपैकी नाही. इथं चुकलं तरी मार्क कापत नाहीत, ठोकून देऊ." क्लासवाल्यांनी आख्ख्या लातूरला असं करून ठेवलंय. इकडं पिल्लाची मान गळायला लागलेली...

टोपलीत घालून गुरांच्या दवाखान्यात नेलं. मन्मथ डॉक्टर म्हशी बघणारे, तरी त्यांनी कापसाच्या काडीनं तोंडातलं पुसून काचेवर घेतलं, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "बुरशी न्हाई. परजीवी दिसंना. पण कधी कधी सापडत न्हाई. कबुतर-बिबुतर खाऊ घातलं का? त्यातनं परजीवी येतो, मग औषध वेगळं. चुकीचं दिलं तर राहायचं न्हाई हे."

"हिला विचारा," इति आमचे हे.

मी पाच बोटं दाखवली, पळीनं पाजल्यासारखं केलं. "पाच कबुतरं?" मी जोरजोरात मान हलवली. "पाचच्या वर?" लिहून दाखवायचं म्हणाल, तर मौनात लेखणीही धरणार नाही, हे मीच देवाला वरून आणखी बोलून बसलेले. डॉक्टरांनी कबुतराच्या औषधाची बाटली काढली. पिल्लानं डोळे मिटले. एकीकडं पोराचा नंबर, एकीकडं हा एवढासा जीव... महादेवा, आता तूच बघ. आणि मी तोंड उघडलं, "पंचामृत. पंचामृत पाजलं मी."

डॉक्टर बाटली हातात धरूनच वळले.

"दूध, साखर, मध? अवो बाई, चोचीत सडलं की ते. जिवाणूच हायेत मग." बाटली बदलली. औषध थेंबानं, मीठपाण्याच्या बोळ्यानं हळू पुसायचं, साय ओढून काढायची नाही, रक्त येतं, आणि खायला मांसाचे बारीक तुकडे. आमच्या घरात, जिथं सोमवारी कांदा चिरत नाहीत. हे पिशवी शर्टाआड लपवून आणायचे, मी डोळे मिटून चिमट्यानं भरवायची... तोंड उघड रे बाबा. आठवड्यानं त्यानं आपणहून आ केला. आत गुलाबी, स्वच्छ. देवापुढं साखर ठेवली. त्याला नाही दिली.

भेगेत परत ठेवलं, आईबापांनी घेतलं. आता रात्रभर तोंड मिटत नाही त्याचं. यज्ञेश कानात बोळे घालून वाचतोय, आणि मी मोडलेले मौनाचे सोमवार पहिल्यापासून धरलेत.

हे म्हणतात, "धर, धर, सोळाच का, बत्तीस धर." एवढे भाविक मी ह्यांना कधी पाहिले नव्हते.