मारुतरावांची चक्कर आणि फुकटचा दवाखाना

पण फुकट कशाला? नाही, तुम्हीच सांगा, या काळेवाडीत भाजीवाला कोथिंबिरीची एक काडी वर टाकत नाही, रिक्षावाला गल्लीत वळायचे वेगळे मागतो, आणि इथे आमच्या गल्लीच्या तोंडाशी चकचकीत दवाखाना उघडतात, डॉक्टर फुकट, गोळ्या फुकट, रक्त तपासायचं तेही फुकट... मारुतराव म्हणाले, यात काहीतरी आहे.

आता मारुतराव म्हणजे चाकणच्या कंपनीत प्रेस मशीनवर, इतकी वर्षं झाली तरी ठेकेदाराकडेच. मशीन वरून खाली आलं की सपाट पत्र्याचा गाडीचा दरवाजा होतो, आणि हात मध्ये राहिला तर हाताचा पत्रा. अशा मशीनपुढे उभं राहून त्यांना चक्कर यायची! विमलबाई रोज सांगायच्या, अहो, दाराशी दवाखाना आलाय, दाखवा की.

गेले, तुम्हाला सांगते, अगदी पायरीपर्यंत गेले. तिथे सिस्टरने गोड आवाजात विचारलं, "काका, कामाला कुठे आहात?" झालं! मारुतराव तसेच मागे फिरले. चक्कर मला येते, तर हिला कंपनीचं नाव कशाला हवं? म्हणजे ते कॉम्प्युटरमध्ये जाणार, तिथून ठेकेदाराकडे, आणि सोमवारी गेटवर वॉचमन म्हणणार, काका, तुमचा पास बंद झालाय. सगळ्या गल्लीने हाच हिशेब केला होता. आत डॉक्टर मोबाइल बघत बसलेला आणि बाहेरून माणसं खोकत खोकत, मान खाली घालून चाललेली... कारण फुकट कशाला, हे कुणी सांगेना.

शेवटी सुट्टीच्या दिवशी, लग्नाला जातो असं गल्लीत सांगून, मारुतराव थेट सांगवीला पैसे घेणाऱ्या डॉक्टरकडे गेले. पैसे घेतो म्हणजे माणूस सरळ. टोपी, मास्क, सगळा बंदोबस्त. बाकावर टेकले तर शेजारी आणखी एक टोपी आणि मास्क. खाली पाहिलं, पायांत कंपनीचे सेफ्टी बूट. वर पाहिलं, यशवंतराव... लाइनचे सुपरवायझर, ज्यांच्या एका फोनवर पास बंद होतो, तेच.

"काय मारुतराव, इकडे कुठे?"

"मेव्हण्याला दाखवायचंय, साहेब. तुम्ही?"

"मीपण... मेव्हण्यालाच."

मग दोघंही आपापल्या मेव्हण्याची वाट बघत बसले. कंपाउंडर नंबर पुकारतोय, हे दोघं दाराकडे बघतायत, मागून आलेले लोक दाखवून घरी जातायत, आणि मेव्हणे काही येईनात. येणार कुठून? शेवटी मारुतराव पाणी प्यायला उठले आणि आडवे झाले ते थेट साहेबांच्या मांडीवर.

डोळे उघडले तर दंडाला पट्टा, आणि डॉक्टर विचारतायत, एवढं बीपी घेऊन मशीन चालवता, हात नकोत का? मारुतरावांना वाटलं, हात राहिले, नोकरी गेली. यशवंतराव हळूच कानाशी वाकले.

"कंपनीत कळता कामा नये."

"माझं ना, साहेब?"

"तुमचं राहू द्या. माझं. शुगर तीनशेच्या वर आहे."

दुसऱ्या दिवशी काय झालं असेल? मारुतराव प्रेसवरून उठले आणि पॅकिंगला बसले. खुर्ची, वर पंखा, आणि साहेब येता-जाता विचारणार, बरं आहे ना? अख्खी लाइन बघत होती. शेजारच्या मशीनवरचा रोहिदास सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "इथं माणूस मरायला टेकला तरी खुर्ची देत नाहीत, आणि याला फुकट? पण फुकट कशाला?" माणूस आजारी असेल, असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. दुपारपर्यंत ठरलंसुद्धा, मारुतराव साहेबांचे खबरे झालेत. ते जवळ आले की गप्पा बंद, डब्याला बसले की शेजारचा सरकून बसणार...

विमलबाई कळवळल्या. म्हणाल्या, सांगून टाका ना खरं, बीपी आहे म्हणून, लोक काय खातायत का?

मारुतरावांनी गोळी गिळली, वर पाणी प्यायले.

"आजारी माणसाला काढतात गं. खबऱ्याला कोण काढतंय?"