स्टिअरिंगवरचं बोट

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, डोळ्यांच्या दवाखान्यात थिया नंबराची वाट पाहत होती. समोरच्या बाकावर दोन शेजारी भेटले होते. शेजारी म्हणजे दोघांच्या घरांमध्ये वीस मैल कुरण.

"ऑरव्हिल, एवढ्या लांब एकटेच गाडी चालवत आलात?"

"मग काय घोड्यावर येऊ? लायसन्ससाठी डोळे तपासा म्हणतात. ठणठणीत आहेत माझे डोळे."

"मग परवा मी समोरून आले, तर नमस्कार म्हणून स्टिअरिंगवरचं बोटसुद्धा उचललं नाहीत? अख्ख्या रस्त्यावर आपण दोघंच! परक्यालाही एवढा नमस्कार करतो आपण. मनाला किती लागलं ते."

ऑरव्हिलनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"राग होता मला, लोर्ना. तुमच्या गाई कुंपण मोडून आल्या होत्या ना."

"त्याला दोन वर्षं झाली. त्यानंतर तुम्हीच आमचं गवत कापून दिलंत."

"माझा राग टिकतो."

नर्सनं ऑरव्हिलचं नाव पुकारलं. लोर्नानं त्याच्या डोळ्यांकडे नीट पाहत हात पुढे केला.

"राग गेला असेल तर किल्ली द्या इकडे. जाताना मी चालवते."

"आणि तुमची गाडी?"

"राहू दे इथेच. समोरून कुणी आलं की मी सांगेन. बोट तुम्ही उचला."