पोहणं काय, पळून जातंय?

नाही, पण मला एक सांगा, पोहणं काय पळून जाणार होतं का? बोला ना! पळणं पळून जातं, हे मला मान्य आहे. आठ दिवस बूट घातले नाहीत की नवव्या दिवशी दम जिन्यातच संपतो. सायकलचंही तेच, महिनाभर बसला नाहीत तर बूड तिला ओळखत नाही आणि ती बुडाला ओळखत नाही! पण पोहणं? सगळे म्हणतात, एकदा आलं की माणूस मरेपर्यंत विसरत नाही. मग जी गोष्ट विसरताच येत नाही, ती शिकायची घाई कशाला करायची? साधं, सरळ गणित होतं माझं. आणि आता जो तो तोंडावर हात ठेवून विचारतोय, "अहो, पहिल्या नऊ वर्षांत तुम्ही एकदाही…?" नाही! एकदाही नाही! झालं समाधान?

मुळापासून सांगतो, म्हणजे तुम्हीच ठरवा चूक कुणाची ते.

मी चाळिशीला आलो, तेव्हा डॉक्टर म्हणाले, जरा हातपाय हलवा. आता माणसानं संध्याकाळी भाजी आणायला चालत जावं की नाही? पण नाही, मला अवदसा आठवली आणि मी पळणाऱ्यांच्या गटात नाव घातलं. तिथं आमचा कोच. त्याचं नाव काहीही असो, सगळे त्याला शिट्टी म्हणतात, कारण गळ्यातली शिट्टी तो कुणाच्या लग्नातसुद्धा काढत नाही. पहिल्याच दिवशी आम्हा बारा-पंधरा पोट सुटलेल्या माणसांना त्यानं रांगेत उभं केलं. "मित्रांनो! छोटं ध्येय ठेवणारा छोटाच राहतो! मला आजचं सांगू नका, उद्याचं सांगू नका! दहा वर्षांचं सांगा! कागदावर लिहा! घरी जाऊन बायकोला सांगा, म्हणजे माघार घेता येणार नाही!" फुर्रर्र!

आता याला काय माहीत, की तो कुणाला 'लिहा' म्हणाला! मी सोळाव्या वर्षापासून रोजनिशी लिहितो हो. मी कधी जेवलो नसेन, पण लिहिलं नाही असा दिवस नाही. घरी आलो, पट्टी घेतली, रेघा मारल्या. तारीख, अंतर, वेळ, नाडी, झोप, बूट कुठले, शेरा… सात रकाने! आणि वर ठळक अक्षरात ध्येय: पन्नासाव्या वर्षी ती मोठी शर्यत. मोठी म्हणजे? एकाच दिवसात पावणेचार किलोमीटर पोहायचं, ओल्या अंगानं उठून एकशेऐंशी किलोमीटर सायकल मारायची, आणि मग विरंगुळा म्हणून बेचाळीस किलोमीटर पळायचं. आणि हे सगळं करून जिवंत राहायचं, हे नियमात लिहिलेलं नाही, ते आपलं आपण बघायचं.

मग वर्षांची वाटणी केली. सोपं आधी, अवघड नंतर, हे तर शाळेतलं पोरगंही सांगेल. पहिली तीन वर्षं पळणं, पुढची तीन सायकल, आणि सातव्या वर्षी पोहणं. वही बायकोला दाखवली. तिनं कणकेचे हात न लावता, मान वाकडी करून वाचली आणि म्हणाली, "अहो, शर्यतीत पोहणं पहिलं आहे ना? मग वहीत शेवटी कसं?"

मी हसलो. काय सांगू तुम्हाला, मी हसलो! म्हटलं, "अगं, पोहणं काय, पळून जातंय?"

ती म्हणाली, "बरं. माझं एकच म्हणणं आहे. दहा वर्षं रविवारी सकाळी मी एकटी चहा पिईन. पण ती शेवटची रेघ ओलांडताना मला बघायचंय. आणि त्यानंतर रविवारी तुम्ही घरी. चालेल?" न चालायला काय झालं? मी तेही वहीत लिहून ठेवलं. शेऱ्याच्या रकान्यात!

आणि मग पळालो! कसा पळालो! मेव्हण्याच्या लग्नातून जेवायच्या आधी पळालो, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे लांबचं अंतर होतं. लेकीच्या शाळेचा कार्यक्रम होता, तिला दोन ओळी बोलायच्या होत्या, मी घामेजलेला पोचलो तेव्हा शिपाई खुर्च्या उचलत होता. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही एवढे पळता, तरी उशीर कसा होतो?" आठ वर्षांची होती हो! एका रविवारी बायकोला ताप. मी थर्मामीटर लावला, कपाळावर पट्टी ठेवली, औषध दिलं… नाही असं नाही! आणि मग वहीत लिहिलं. आजही ते पान आहे. 'तिचा ताप एकशे दोन. माझी नाडी बावन्न, उत्तम. अंतर बत्तीस किलोमीटर.' एका ओळीखाली एक. अक्षर बघाल तर मोत्यासारखं!

पाच पूर्ण मॅरेथॉन झाल्या. सायकल झाली. सातवं वर्ष उजाडलं, वही उघडली, समोर 'पोहणे'. पण त्याच वर्षी माझी वेळ चार तास दोन मिनिटांवर आलेली! दोन मिनिटं! आता तुम्हीच सांगा, चार तासांच्या उंबऱ्यावर उभा असलेला माणूस पाण्यात जाऊन बसेल का? लिहिलं, 'पोहणे: पुढे.' आठव्या वर्षी गुडघा. 'पोहणे: पुढे.' डॉक्टर, शेजारी, झाडून सगळे म्हणतात गुडघ्याला पोहणं चांगलं, पण मी म्हटलं, आधी गुडघा बरा होऊ दे, पोहणं काय, पळून जातंय?

आणि गंमत म्हणजे नोकरी कुठे? पाणीपुरवठा खात्यात! बावीस वर्षं टेबलावर पाण्याच्या तक्रारी! नळाला पाणी नाही, पाणी गढूळ, पाणी कमी दाबानं… साहेब सगळ्यांना माझी ओळख करून देणार, "हे आमचे लोखंडी गृहस्थ! मोठी शर्यत करणार! पोहण्याचं काय विचारता, हे तर पाण्यातच वाढलेले!" आणि मी? मी नुसती मान खाली घालून हसायचो. लोकांना वाटायचं, केवढा विनय!

दहावं वर्ष लागलं आणि तोंडचं पाणी पळालं. गेलो एकदाचा टँकवर. तिथले मास्तर सत्तरीचे, सुकलेल्या खारकेसारखे, उभं आयुष्य त्या काठावर काढलेलं. मला चड्डी-टोपीत बघून म्हणाले, "नातवाला घेऊन आलात?" म्हटलं, "नाही, मीच." "बरं. आत या." मी पायरीवर. एक पाय पाण्यात, एक पाय… विचारात! शेजारी सहा वर्षांची एक चिमुरडी, दात पडलेले, धपकन उडी मारते, वर येते, म्हणते, "काका, घाबरू नका, मी धरते!"

धरलं हो तिनं. खरंच धरलं. कठड्यापासून दोन हात नेलं मला.

पण मी काही कच्च्या गुरूचा चेला नाही. कारण मला गुरूच नाही, मी जे शिकलो ते लिहून लिहून शिकलो. श्वास कधी, हात कसा, मान किती… पानंच्या पानं काढली. चार महिन्यांत मला पोहता यायला लागलं! खोटं नाही सांगत! फक्त एक छोटीशी सोय केली. टँक लांबीला पोहायचा तर पलीकडे बारा फूट पाणी. मी म्हटलं, कशाला? उथळ बाजूला साडेतीन फूट आहे, तिथं रुंदीला पोहावं! इकडच्या भिंतीपासून तिकडच्या भिंतीपर्यंत बारा मीटर. अंतर ते अंतर! आडवं काय आणि उभं काय? शर्यतीचं अंतर भरायला तीनशे सतरा वेळा आडवं जायचं. गेलो! तीनशे सतरा रेघोट्या! दोन तास अकरा मिनिटं! आणि शर्यतीत मुदत किती? दोन तास वीस! वहीत लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या, आणि वही मास्तरांच्या हातात दिली.

मास्तरांनी चष्मा लावला. शांतपणे वाचलं. तारीख, अंतर, वेळ, नाडी, झोप… सगळं. म्हणाले, "अक्षर सुरेख आहे. पण साहेब, अंतर लिहिलंत, खोली कुठं लिहिलीत?"

मी म्हटलं, "खोलीचा रकानाच नाही."

"हं," म्हणाले, आणि वही परत दिली. एवढंच! अहो, माणसानं जरा ओरडून सांगायचं! शिट्टीसारखं फुर्रर्र करून सांगायचं! नुसतं 'हं' म्हटल्यावर आमच्यासारख्याला काय कळणार?

शिट्टीला विचारलं, तर तो म्हणाला, "पाणी काय रे, सगळीकडे ओलंच असतं! ध्येयाकडे बघ!" मी म्हटलं, "तू स्वतः केलीस का रे ही शर्यत?" म्हणाला, "मी मार्गदर्शन करतो."

तर तो दिवस आला. रविवारच. शर्यत धरणाच्या पाण्यात. ही आलेली, सकाळी पाचला, डब्यात बारा तासांचं खाणं घेऊन. लेक, आता अठरा वर्षांची, वसतिगृहातून रजा काढून आलेली. तिनं एक पुठ्ठा रंगवून आणलेला, मोठ्या अक्षरात, 'हेच आमचे बाबा!' शेवटच्या रेघेपाशी धरायचा म्हणून. माझ्या दंडावर नंबर, डोक्याला रबरी टोपी, डोळ्यांवर चष्मा. सायकल स्टँडवर तयार, हवा तीन वेळा बघितलेली. तिच्या शेजारी पळायचे बूट, नाड्या सैल करून. दहा वर्षांत मी इतकं नीट काही मांडलं नव्हतं.

भोंगा झाला. तीनशे माणसं पाण्यात घुसली. मीही घुसलो! घोटा, गुडघा, मांडी, कंबर… आणि मग मी खाली बघितलं.

तळ नव्हता.

म्हणजे असणारच हो, धरण आहे, तळाशिवाय कसं असेल! पण दिसत नव्हता. फरशी नाही, निळी पट्टी नाही, काही नाही. नुसतं हिरवं, काळं, खाली खाली जाणारं. आणि समोर भिंत नाही! मी तीनशे सतरा वेळा भिंतीकडे पोहलेला माणूस! मी म्हटलं, एक श्वास घेऊ आणि निघू. घेतला. आणखी एक घेतला. हात पुढे केला, पाय उचलायचा होता… तो काही उचलला जाईना. जो पाय पाच मॅरेथॉन पळला, तो पाय! चिखलात असा रुतला, जसा काही तिथंच लावलेला!

सगळे गेले. पाणी शांत झालं. राखणीच्या होडीतला माणूस वल्हं टाकत जवळ आला. "काका, पोहायला आलात, की पाय धुवायला?"

दहा मिनिटं. वीस मिनिटं. कंबरभर पाण्यात मी उभा. काठावर ही उभी. हाक नाही मारली हो तिनं. मारली असती तर बरं झालं असतं! लेकीनं पुठ्ठा आधी उंच धरला होता, मग छातीशी, मग ऊन आलं तेव्हा डोक्यावर. शेवटी मी वळलो, आणि चालत बाहेर आलो. हिनं टॉवेल पुढे केला. मी घेतला. पुसायला गेलो तर काय, कमरेच्या वर सगळं कोरडं! टोपी काढली, तर केसांत भांगसुद्धा मोडलेला नाही! आणि सायकलीकडे निघालो, तर तिथला पट्टेवाला म्हणाला, "आधी पाणी, साहेब. पाण्याशिवाय सायकल नाही." मी म्हटलं, "अरे, मला सायकल येते! मला पळता येतं! दहा वर्षं…" तो म्हणाला, "येत असेल. पण आधी पाणी."

हिनं दहा वर्षांपूर्वी, कणकेच्या हातांनी, हेच सांगितलं होतं.

शिट्टी धावत आला. "काही हरकत नाही! नवं ध्येय! साठाव्या वर्षी!" फुर्रर्र! लेकीनं त्याच्याकडे असं बघितलं, की ती शिट्टी त्याच्या तोंडातून आपोआप गळून पडली. पोरगी गुणाची आहे.

बरं, आता ऐका. पुढचा रविवार. सवयीनं पहाटे चारला जाग आली, पण जायचं कुठं? बसलो टेबलाशी. सहाला ही उठली, मला बघून दचकली, जसा काही घरात चोर बसलाय! मग तिनं दोन कप काढले. चहा ठेवला. मी म्हटलं, चला, रेघ ओलांडली नाही तर नाही, दुसरा शब्द तरी पाळू. आणि ती, हातात चमचा घेऊन, माझ्याकडे बघत म्हणाली, "अहो… तुम्ही साखर घेता का हल्ली?"

तिला माहीत नव्हतं हो. तिसऱ्या वर्षी मी सोडली, पाचव्या वर्षी धरली, आठव्या वर्षी पुन्हा सोडली. वहीत सगळं आहे. तिला कुणी सांगितलं?

म्हटलं, "घाल. दोन चमचे घाल."

तेवढ्यात मेव्हण्याचा फोन. तोच, ज्याच्या लग्नातून मी उपाशी पळालो. आवाजात असा जिव्हाळा, की बाहेरून ओळखूच येऊ नये आतून किती खूश आहे ते. "भावोजी, ऐकून फार वाईट वाटलं. दहा वर्षं पाण्यात गेली हो तुमची!"

मी म्हटलं, "बाबा रे… तीच तर नाही ना गेली!"