आत्याचे धवले

फोनची गाणी गाडीच्या रेडिओवर वाजवायचं कौतुक मला सांगू नका. माझी आत्या आमच्या गावची धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाणारी. हळदीला डीजे आले आणि तिला कोणी बोलावेना. पण पनवेलहून चिरनेरला जाताना डोंगराशी रेडिओ खरखरायचा, मी तो बंद करायचो आणि मागच्या सीटवर आत्या धवला धरायची.

मग मी लायटरच्या भोकात लावायचा एफएम ट्रान्समीटर आणला. फोनवरची गाणी घरापर्यंत अखंड. आत्या म्हणाली, "बरा हाय."

परवा मीच गाणी बंद केली. "आत्या, धवला म्हण ना."

बराच वेळ ती आठवत बसली.

"नाय येत रं आता. लाव तुजा फोन."