महिनाभर उशिरा पेटलेला तारा

...आनि वरतून माय मलेच म्हनते, "सोड ना आता!" काहून सोडू? तुमीच सांगा, काहून सोडू? तुमाले सांगते, मी नीलम, परतवाड्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते, आनि पीएचडी करून राहिली एका मेलेल्या ताऱ्यावर. मेलेला, पन कसा? शहराएवढा गोळा, वजनानं सूर्याहून भारी, सेकंदाले वीस गिरक्या! हा भोवरा एका भल्यामोठ्या ताऱ्याभोवती फिरते, आनि साडेतीनेक वर्षांत एकदा त्याच्या अंगाले घासून जाते. तवा गॅमा किरण निंगतात, एक्स-रेचे बाप! आमची माय, भागीरथाबाई, इचारते, "कुटी आहे वं तो?" म्हनलं, "दक्षिणेले, लय खाली. आपल्याकडून दिसत नाही." "दिसत नाई त्याच्यासाठी लगन थांबवलं?" घ्या!

तर दोन हजार दहाच्या डिसेंबरात तो जवळून गेला. घरी लोडशेडिंग, म्हनून गॅमा किरण टिपनाऱ्या उपग्रहाची माहिती मी फुरकानच्या नेट कॅफेत उतरवून घेऊ. फुरकान म्हने, "मॅडम, तीन घंटे से पट्टी आधे पे अटकी है, कौनसा पिक्चर है?" पिक्चर कशाचा, सारे ठिपके! अन त्याच्यातई काई नाही. आमचे गाईड खुशालराव सर अमरावतीहून फोनवर, "नीलम, तारा दूर गेला. विषय बदल." भाऊ प्रीतम म्हने, "कपाशी लाल्या रोगानं गेली, गावातले पोट्टे सुरतेले चालले, अन तू वरतं पाहून राहिली?" लागलं ना मले! पन काहून सोडू? तारा गेला, पन त्यानं फेकलेल्या कणांचा वारा तर आहे ना तिथं? पाहतच राहिली.

जानेवारीचा तिसरा आठवडा. आलेखावरचा ठिपका एकदम वर! वाटलं, माहाच घोळ. पुन्हा केलं. पुन्हा वर! सरांना फोन. "सूर्य मधात आला असंल, तपास." तपासलं, सूर्य नाही. चंद्र नाही. तिसऱ्यांदा केलं, तरी वरच! दुसऱ्या दिवशी सर एसटीनं आले, फुरकानच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर दोन घंटे बसले, एकेक आकडा पाहिला, चष्मा पुसला, अन म्हनाले, "नीलमबाई... तुमचंच बरोबर." बाई म्हनले मले! मी तिथंच रडली. फुरकान घाबरला, "मॅडम, फेल हो गये क्या?"

मंग सरांनी मेल उघडली. बाहेर देशातल्या मोठमोठ्या लोकांनी हेच दोन दिवस आधी जाहीर केलेलं! दोनच दिवस हो! माहं तोंड पाहून सर म्हनाले, "पन तो महिनाभर उशिरा काहून पेटला, हे त्याईलेई माहीत नाही. हाच तुमचा विषय."

आता सांगा, काहून सोडू? म्हनलं, "सर, पुन्हा जवळ कवा येते?" सर म्हने, "दोन हजार चौदा, मे."

मे! परतवाड्याचा मे, पंचेचाळीस डिग्री! चालते, बसीन. पन आधी तारा पेटते का फुरकानचा कॉम्प्युटर, एवढंच पाहायचं!